मायच्या कोंबड्या पिसं टाकतात

९ नोव्हेंबर १९६४, सोमवार

कोंबडी आजारी आहे की नुसती पिसं टाकते आहे, हे कशावरून ओळखायचं? मला सांगता येत नाही. घरात पहिली बी.ए. मी. गावातल्या बायका पत्र वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. आणि मायच्या कोंबड्यांकडे पाहून मला एवढंसुद्धा सांगता येत नाही!

सकाळी अंगण झाडलं तर सूपभर पिसं निघाली. भुरीची मान उघडी पडली आहे. काबरीला शेपूटच राहिलेली नाही. लाली, ढवळी आणि तुरेवाली यांचीही सुरुवात झाली आहे. दसऱ्यापासून एकीनंही अंडं दिलेलं नाही. खुराड्याशी गेलं की अशा बघतात, जणू मीच त्यांचं काही नेलं आहे.

जेवताना बाबा म्हणाले, "दत्तजयंतीले सप्ताह उठते. त्या दिवशी माळ घेतो मी. त्याच्या आंधी कोंबड्या आंगणातून गेल्या पाह्यजे."

माळकऱ्याच्या घरी कोंबड्या नसतात, हे मलाही कळतं. पण मायला जाऊन अजून वर्षही झालं नाही!

दयारामदादा लगेच म्हणाला, "मोताळ्याच्या बाजारात नेतो. अशा भादरलेल्या पाळाले कोण घेईन? वजनावर जातीन." वजनावर म्हणजे सुरीखाली.

मी हातातला घास तसाच ठेवला. म्हटलं, दत्तजयंतीपर्यंत थांबा, मी त्यांना बरं करते, पाळणाऱ्या घरीच देते. दादा हसला. बाबांनी मान वर केली नाही. "ठीक हाये," एवढंच.

१० नोव्हेंबर

आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी धरली. खरं म्हणजे धरली नाही — तिनं मला धरलं. काबरीनं मनगट ओरबाडून काढलं आणि थेट कुडावर जाऊन बसली.

वच्छलावहिनी ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. हसून हसून सूप खाली ठेवलं. "वरून धरा तिले, पंख दाबून! पुस्तकावानी काय उघडता?"

माय मला कधी हात लावू द्यायची नाही. "तू पुस्तक धर, कोंबडी मी धरतो." दर वेळी हेच. मला तेव्हा किती बरं वाटायचं!

संध्याकाळी पुन्हा प्रयत्न केला. कोंबड्या खुराड्यात शिरून बसल्यावर धरायच्या, तेव्हा त्या निमूट असतात. ढवळीला काखेत घेतलं. तिचं काळीज माझ्या हातावर धडधडत होतं. तिच्यात काय पाहायचं असतं ते मात्र कळलं नाही. नुसतीच घेऊन उभी राहिले.

१२ नोव्हेंबर

सत्यभामाकाकूंकडे गेले होते. त्या ओढ्यापलीकडे राहतात. मायची आणि त्यांची लहानपणापासूनची मैत्री, दोघी एकाच गावच्या. त्यांच्याकडे पुष्कळ कोंबड्या आहेत. वाटलं, या नक्की घेतील.

मी फाटकाशी पोचले तोच आतून ओरडल्या, "तिकूनच बोल वं बाई! आत नको येऊ!"

मी तिथूनच विचारलं.

"तुया कोंबड्याईची पिसं जाऊन राह्यली म्हणते वच्छला. मानमोडी असली तं? माह्या साऱ्या मरतीन. तुले राग येईन, पण पाय नको ठेवू."

मानमोडीनं चार वर्षांपूर्वी त्यांचं खुराडं एका आठवड्यात रिकामं झालं होतं. त्यांचं चुकलं म्हणता येत नाही. पण माय होती तेव्हा याच फाटकातून माझा हात धरून आत न्यायच्या. परत येताना ओढ्याच्या पाण्यात पाय धुतले. रोग माझ्याच पायांना असल्यासारखे घासून घासून धुतले.

म्हणजे आता आधी हे सिद्ध करायला हवं, की या आजारी नाहीत. आणि मलाच ते माहीत नाही!

१६ नोव्हेंबर

मलकापूरला जाऊन आले. भुरीला टोपलीत घातलं, वरून मायचं जुनं लुगडं बांधलं. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "हिचं हाफ तिकीट काढू का बाई?" सगळी गाडी हसली. भुरी नेमकी तेव्हाच ओरडली. मीसुद्धा हसले. किती दिवसांनी!

जनावरांच्या दवाखान्यात दोन बैल, एक म्हैस आणि मी. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे असावेत.

"कोंबडी? दवाखान्यात? हा मान आमच्याकडे पहिल्यांदाच आला."

पण नंतर नीट पाहिलं. मलाही दाखवलं. तुरा लाल आहे ना, की फिका, काळसर? डोळे उघडे, स्वच्छ? नाकातून पाणी, घशात घरघर? गळ्याखालची थैली संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असते का? विष्ठा हिरवी, पातळ आहे का? छातीच्या हाडावर बोट फिरवा, दोन्ही बाजूंना मांस लागलं पाहिजे, हाड सुरीसारखं लागता कामा नये. मग त्यांनी भुरीच्या उघड्या मानेवर फुंकर मारली. कातडीतून बारीक निळसर खुंट वर येत होते.

"हे बघा. नवी पिसं. आत रक्त असतं यांच्या, दाबू नका, दुखतं तिला. आधी डोकं आणि मान, मग छाती, मग पाठ, शेवटी पंख नि शेपूट, या क्रमानं जातं. काही जणी मधलंच आधी टाकतात, ते सोडा. पण आजारी कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसते. ही माझं टेबल उकरते आहे! दोन महिने अंडी नाहीत. खायला दमदार द्या — पिसं काही हवेतून येत नाहीत. अंगावर उवा दिसल्या तर राखेत लोळू द्या. दरवर्षीचंच आहे हे."

दरवर्षी?

"दरवर्षी, पावसाळा सरला की. तुमच्या घरी कोंबड्या किती वर्षं आहेत?"

मी म्हटलं, माझ्या जन्माच्या आधीपासून.

"आणि पाहिलं नाही कधी? शिकता काय तुम्ही?"

बी.ए. झाले म्हटलं.

"मग तुमचा दोष नाही!" म्हणाले आणि बैलाकडे वळले.

गंमत केली त्यांनी. पण परत येताना गाडीत रडू आवरेना. दर दिवाळीनंतर मायच्या अंगणात हीच पिसं उडत असणार. माय हीच अशी मान फुंकरून पाहत असणार. मी चार हातांवर ओट्यावर बसून वाचत असणार. मी तिच्या अंगणात वीस वर्षं राहिले आणि तिचं काम एकदाही पाहिलं नाही.

१७ नोव्हेंबर

आजार नाही. आजार नाही. आजार नाही!

२० नोव्हेंबर

रोज सकाळी खुराडं उघडायच्या आधी विष्ठा पाहते. संध्याकाळी एकेकीला धरून थैली, छातीचं हाड, तुरा, डोळे. आता कोणी ओरबाडत नाही. तुरेवाली तर मांडीवर डोळे मिटते. लालीचं हाड जरा टोकदार लागतं, तिला वेगळं खाऊ घालते. शेंगदाण्याची ढेप कुटून ज्वारीच्या कण्यांत मिसळते. बांधावर वाळवी लागलेला लाकडाचा ओंडका आहे, त्याचा तुकडा रोज आणून अंगणात आपटते. वाळवीवर काय तुटून पडतात! वहिनी म्हणाल्या, "बैलाईची ढेप कोंबड्याईले! तुमच्या दादाले सांगू का?" पण सांगितलं नाही. उलट आज स्वतःच खलबत्त्यात कुटून ठेवली होती.

बाबांमुळे मात्र मन दुखतं. अंगणातून जाताना ते खुराड्याकडे तोंडसुद्धा करत नाहीत. हल्ली तर मागच्या दारानं जातात. उजाडायच्या आत वेचणीच्या निमित्तानं शेतात निघून जातात, चहासुद्धा न घेता. आज ढवळी त्यांच्या पायात आली तर असे मागे सरले, जसा साप पाहिला! एवढा विटाळ? माय यांच्याच घरात, यांच्याच अंगणात हे करत होती. तिच्या हातच्या अंड्यांवर तर माझं कॉलेज झालं. माळ गळ्यात पडायच्या आधीच मायची लाज वाटायला लागली यांना!

काळी दिसत नाही हेही आत्ता ध्यानात आलं. मायची सगळ्यात लाडकी. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "गेली असंन मुंगसाच्या तोंडी." आणि आत निघून गेल्या.

२३ नोव्हेंबर

भुरीच्या शेपटीखाली उवा! पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके. म्हणूनच ती इतरांपेक्षा मागे आहे, नवे खुंट तीच टोचून काढते आहे.

डॉक्टर राख म्हणाले होते. पण राख म्हणजे... चुलीतली राख! मला वाटलं, काही खात्रीचं करावं. गोठ्यातल्या फळीवर कपाशीवर टाकायची गॅमेक्झिनची पावडर आहे. किडे त्यानंच मरतात, उवाही मरतील. दादा बैलांच्या गोचिडांनाही तीच लावतो. चिमूट-चिमूट करून भुरीच्या अंगभर चोळली, पंखांखाली, मानेला, सगळीकडे. उद्या बाकीच्यांना.

२४ नोव्हेंबर

भुरी गेली.

सकाळी पाय थरथरत होते. मग मान. मग सगळं अंग. मी पाण्यानं धुतलं, ताक पाजलं, काही काही केलं. माझ्या मांडीवर झटके देत राहिली. तिच्या उघड्या कातडीतून, त्या कोवळ्या खुंटांतून — मीच ते तिच्या रक्तात चोळलं होतं. शिवाय चोचीनं अंग साफ करताना तिनं गिळलंही असणार.

तिची नवी पिसं बोटभर आली होती.

२५ नोव्हेंबर

काल लिहवलं नाही ते आज.

बाबा दुपारी शेतातून आले तेव्हा मी भुरीला पदरात घेऊन बसले होते. त्यांनी पाहिलं. कुदळ घेऊन परसातल्या लिंबाखाली खड्डा खणू लागले. भुरीकडे पाठ करून खणत होते. मला वाटलं, किळसेनं.

मी म्हटलं, "बरंच झालं ना तुम्हाला. एक कमी झाली."

त्यांनी कुदळ खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. आणि निघून गेले. माती मीच लोटली.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. मला आत नेलं. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"तुमाले काय मालूम प्रमिलाबाई! तुमी खामगावले होत्या. मायच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. प्रमीले कळवू नका, तिची परीक्षा हाये, हेच एक मायचं बोलणं. मंग वैदूनं सांगतलं, काळ्या कोंबडीचा रस्सा पाजा, ताकद येईन. घरात काळी एकच. बाबाईनं जिंदगीत कधी कोंबडी कापली नव्हती, कापायचं काम तं तुमच्या दादाचं. पण ते म्हणे, माह्या बायकोसाठी मीच करतो. सोताच्या हातानं कापली. रस्सा मीच केला. बाबा वाटी घेऊन बसले मायपाशी. अन् माय म्हणे — आज काळी ओरडली नाय, पाह्य बरं तिले काय झालं."

मग वहिनी हळू म्हणाल्या, "मायनं वाटीकडे पाह्यलं. मंग बाबाकडे. अन् तोंड मिटून घेतलं. त्यानंतर पाण्याचा घोटही गेला नाय आत. तिसऱ्या दिवशी गेली."

"तवापासून त्याईले कोंबड्याचा आवाज सहन होत नाय. तुमी म्हणता लाज!"

२६ नोव्हेंबर

बाबांनाही तिला बरंच करायचं होतं.

२९ नोव्हेंबर

क्षमा मागायची कशी? "बाबा, मला कळलं" म्हटलं तर त्यांना पुन्हा ती वाटी दिसणार. न म्हटलं तर मी त्या दिवशी बोलले ते तसंच राहणार.

आज ते उजाडायच्या आत निघाले तेव्हा मी आधीच उठून चहा ठेवला होता. मागच्या दाराशी कप नेऊन दिला. उभ्याउभ्या प्यायले. अंगणाकडून ढवळी ओरडली. त्यांचा कप वाजला बशीवर. मी मुद्दाम जोरात म्हटलं, "आज किती बायका आहेत वेचणीला?" त्यांनी सांगितलं. मी आणखी काहीतरी विचारलं. तेवढ्या वेळात ती गप्प झाली.

एवढंच जमलं.

४ डिसेंबर

राखेचा खड्डा केला. चौघी त्यात अशा लोळतात! धुरळा उडवून डोळे मिटून पडतात. उवा नाहीत. राखच पुरली असती. राखच पुरली असती भुरीला.

लालीच्या छातीला मांस धरलं आहे. काबरीला शेपटीचे खुंट. ढवळीची मान पांढरी शुभ्र, नव्या कापसासारखी. हात लावायला भीती वाटते. माझ्याच हाताची.

१० डिसेंबर

सत्यभामाकाकू आल्या! आपण होऊन. वहिनींनी काही सांगितलं असणार.

आधी फाटकातून बराच वेळ बघत राहिल्या. मग आत आल्या आणि काबरीला एका झेपेत उचललं. पिसांत फुंकर, तुरा, डोळा, बुडाखाली बोटं — मी शिकले ते सगळं त्यांनी बोलता बोलता केलं. मग म्हणाल्या, "चांगल्या तयार केल्यास वं! मंगाशी मले वाटे, मायची पोरगी अन् कोंबड्या पाळते! पुस्तक वाचून दाखवलं का यांईले?"

"बटईनं घेतो मी," म्हणाल्या. "कोंबड्या तुयाच, पाळीन मी, पिलं निम्मी निम्मी. तुले पाह्यजे तवा येऊन पाह्य."

कापायच्या नाहीत ना, असं विचारलं. त्या माझ्यावर रागावल्या. "तुया मायच्या कोंबड्या हायेत त्या!"

म्हणजे जमलं. वाचल्या. वहिनींनी गूळ दिला तोंडात. आणि मी आत जाऊन रडले, कारण हे सांगायचं जिला होतं ती नाही. आणि जे दुसरे आहेत त्यांना सांगता येत नाही.

१४ डिसेंबर

परवा सप्ताह बसला. विठ्ठल मंदिरातून दिवसभर टाळांचा आवाज येतो. बाबा तिथेच असतात. तिथे बसलेले असतात तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी सैल होते, मी आज मुद्दाम जाऊन पाहिलं.

आज काबरीनं अंडं दिलं. ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं. बाबा नेमके तेव्हा जेवायला आलेले. मी अंडं हातात घेऊन वळले तर ते समोर. मागच्या दारानं आले नव्हते, अंगणातूनच आले होते. खूप वेळ अंड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"राहू दे कोंबड्या. माळ काय, पुढच्या सालीही घेता येते. तुया मायचं तेवढंच हाये घरात."

मला हवं होतं ते हेच होतं! हेच ऐकायला मी महिनाभर धडपडले. आणि बाबा बोलत होते तेव्हा काबरी अजून ओरडत होती, आणि त्यांच्या हनुवटीचा स्नायू उडत होता. तरी ते सरकले नाहीत. पूर्ण ओरडून होईपर्यंत उभे राहिले. माझ्यासाठी.

जेवण तसंच टाकून उठले. वहिनींना म्हणाले, आज भूक नाही.

१५ डिसेंबर

चौघी राहिल्या तर हे रोज. रोज सकाळी. वर्षभर. आणि ते म्हणणार, राहू दे.

दादाला म्हटलं, कोंबड्या देऊन टाकते. तो म्हणाला, "बाबा राहू दे म्हणतेत ना, मंग काऊन उगा?" वहिनी नुसत्या माझ्याजवळ बसल्या.

१८ डिसेंबर, दत्तजयंती

काल बाबा मंदिरात असताना चौघींना सत्यभामाकाकूंकडे पोचतं केलं. बटई नाही, निम्मी पिलं नाहीत — देऊन टाकल्या. काकू नको नको म्हणत होत्या. मग माझं तोंड पाहून घेतल्या. खुराडं मीच मोडलं, ती जागा सारवली.

सकाळी बाबा पुढच्या दारानं बाहेर आले. खुराड्याची सारवलेली जागा पाहिली. मग माझ्याकडे वळले.

"काऊन दिल्या वं, प्रमी? मी राहू दे म्हटलं होतं ना?"

मी म्हटलं, "पाणी काढलंय. आंघोळ करून घ्या बाबा. माळ घालायला महाराज वाट पाहत असतील."